भुजलीचं नाव

कोसमटोल्याच्या बुधरी नैतामला कुणी नाव विचारलं की ती गप्प बसते. रागाने नाही, आणि लाजून तर मुळीच नाही. ती पदराची गाठ सोडते, आधार कार्ड काढते आणि समोरच्याच्या हातात देते. "इथी लिवलं आहे. वाचून घ्या." रेशन दुकानात हेच, दवाखान्यात हेच. मतदानाला गेली तेव्हा केंद्रावरच्या मास्तरांनी दोनतीनदा नाव विचारलं, मग आवाज चढवला. तेव्हा मागच्या रांगेतल्या बायाच ओरडल्या, "गुरुजी, ते नाव नाई घेत. तिची भुजली आहे ना!" मास्तर बिचारे दुसऱ्या जिल्ह्यातले. त्यांना काय कळणार, कप्पाळ!

तुम्हालाही कळलं नसेल, म्हणून सांगायला हवं. कुरखेडा-कोरचीच्या अंगाला, छत्तीसगडाला चिकटून जी गावं आहेत, तिथल्या पोरी श्रावणात टोपलीत गहू पेरतात. अंधाऱ्या कोपऱ्यात, ऊन न दाखवता वाढवलेली ती पिवळी कोवळी रोपं म्हणजे भुजली. राखी झाली की टोपल्या डोक्यावर घेऊन, गाणी म्हणत तळ्यावर जायचं, भुजली पाण्यात सोडायची आणि मूठभर रोपं हातात राखून ठेवायची. जिच्याशी जन्माची मैत्री करायची, तिच्या कानावर ती खोवायची. तिनं तुमच्या कानावर खोवायची. झालं! त्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या भुजली. सख्ख्या बहिणीशी भांडता येतं, भुजलीशी नाही. तिच्या घरचं लग्न ते आपलं, तिच्या घरचं सुतक ते आपलं. आणि तिचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, मरेपर्यंत. हाक मारायची ती 'भुजली' म्हणूनच. चुकून नाव निघालंच, तर नारळ द्यायचा आणि माफी मागायची.

आता गंमत बघा. बुधरी बुधवारी जन्मली म्हणून बुधरी. तिच्या माहेरी त्याच पावसाळ्यात आणखी एक पोर जन्मली, तीही बुधवारीच. तिचंही नाव बुधरी. दोघी एकत्र शेळ्या चारायच्या, एकत्र मार खायच्या, आणि जरा मोठ्या झाल्या तशा एका राखीला एकमेकींच्या कानावर भुजली खोवून मोकळ्या झाल्या. त्याच वर्षी गोंदणारी आली, तर हनुवटीवर सारखेच तीन ठिपकेही गोंदवून घेतले. म्हाताऱ्या बायांची हसून हसून मुरकुंडी वळली. "अवं पोट्ट्यांनो, आता सोताचं नाव कसं घेसान?" पोरींनी याचा विचारच केला नव्हता. भुजलीचं नाव घ्यायचं नाही, आणि भुजलीचं नाव तेच आपलं! दुसऱ्या कुणी असत्या तर पळवाट काढली असती. या दोघींनी नाही काढली. त्या दिवसापासून बुधरी हा शब्द दोघींच्याही तोंडातून गेला तो गेलाच.

पुढे नशीब असं, की दोघी लग्न होऊन कोसमटोल्यातच आल्या, नैतामांच्याच दोन घरांत. एक कोलूला दिली, एक लच्छूला. आपली बुधरी ती कोलूची. लच्छूच्या बायकोला आपणही आता भुजलीच म्हणू, म्हणजे घोटाळा नको. घोटाळा पुढे व्हायचाच आहे.

थंडीत धान घरात आलं की या भागातल्या बाया तेलंगणात मिरची तोडायला जातात. जीपमध्ये दाटीवाटीने बसायचं, दोन महिने परक्या शेतात झोपडी टाकून राहायचं आणि शिमग्याला परत यायचं. मजुरी थोडी पैशात, थोडी मिरचीत. लच्छू मोहाच्या झाडावरून पडला तेव्हापासून त्याचा पाय कामाचा राहिला नाही, म्हणून भुजलीला दरवर्षी जाणं भाग होतं. बुधरीचं मात्र कोलूचं धानाचं शेत आणि जंगलातली पानं यांच्यावर कसंबसं भागत होतं.

गेल्या साली भुजली परतली तेव्हा तिचे हात बघवत नव्हते. बोटांची सालं निघालेली, तळवे लाललाल. मिरचीची आग कातड्यात भिनली होती आणि ताटातला गरम भात धरवत नव्हता. बुधरी तिच्या दारात गेली, ताट मांडीवर घेतलं आणि लहान पोराला भरवावं तसं तिला भरवायला बसली. भुजली घास चावता चावता हसत होती. "माहं तं बरंच झालं वो. आयतं खाऊन राह्यली मी." बुधरीला काही हसू आलं नाही. तिला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून ती भाताच्या गुठळ्या पुन्हा पुन्हा मोडत बसली.

घरी येऊन ती कोलूला म्हणाली, "पुढच्या साली तिले मी मिरचीले जाऊ नाई देत."

"मंग ते खाईन काय?" कोलूनं विचारलं.

"मशीन घेऊ. पत्रावळीची."

कोलूनं आधी कपाळाला हात लावला, मग विचार केला. बोलणं वेडेपणाचं नव्हतं. पळसाची आणि माहूल वेलाची पानं जंगलात मायंदाळ. दोघी वर्षानुवर्षं काड्या टोचून हातानं पत्रावळ्या लावत होत्या, पण आता वडसा-ब्रह्मपुरीच्या दुकानदारांना मशीनवर दाबलेली, कडक काठाची पत्रावळी हवी असते. मशीन आली की एकीनं पानं रचायची, दुसरीनं दाबायची. एकटीचं ते कामच नाही. खरं सांगायचं तर बुधरीच्या डोळ्यांपुढे मशीन नव्हतीच. मशीनपाशी बसलेली भुजली होती, धड हातांची.

मशीनला कर्ज हवं, आणि कर्जाला बँक. ग्रामपंचायतीच्या खोलीत बँकेतर्फे एक मुलगी लॅपटॉप घेऊन बसायची, स्वाती तिचं नाव. कुरखेड्याहून यायची, नवीनच लागलेली, जिभेने फटकळ पण मनाने सोनं. तिनं दिवाळीनंतर अर्ज भरून दिला. थोड्याच दिवसांत तो अर्ज बँकेनं परत धाडला.

"बाई, तुमच्या नावावर जुनं कर्ज थकलेलं दिसते," स्वाती म्हणाली.

"माह्या? म्या तं आजवर कोणाची सुई बी उसनी नाई आणली!"

"कोणाचं किती कर्ज थकलं, त्याच्या रिपोर्टमधी आहे ना. वडशाच्या एका कंपनीचं. बायांच्या गटाले देते ते." आणि स्वातीनं कर्ज उचलल्याचं साल सांगितलं.

ते साल बुधरीच्या ओळखीचं होतं. लच्छू झाडावरून पडला ते साल. त्याला नागपूरला न्यायला भुजलीनं एका गटात बसून पैसे उचलले होते. हप्तेही भरत होती बिचारी. मग लॉकडाऊन लागलं, कंपनीचा माणूस यायचा बंद झाला. पुढे तो आला तेव्हा भुजली मिरचीवर. शेवटचे थोडे हप्ते राहिले ते राहिलेच, आणि कुणी मागायला आलं नाही तशी ती विसरूनही गेली.

बुधरीनं पदराची गाठ सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली.

"तुमच्या नावाची दुसरी कोणी असन," स्वाती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "कंपनीनं कार्डाचा नंबर धाडलाच नाई वाटते. मंग त्या वरच्या कम्प्युटरनं नाव पाह्यलं, जन्मतारीख पाह्यली, गाव पाह्यलं, अन् दिलं चिटकवून."

तसंच झालं होतं. आधार कार्डं काढायला टोल्यात शिबिर आलं तेव्हा आपली जन्मतारीख कुणालाच सांगता येईना. काढणाऱ्या माणसानं सगळ्या टोल्याला एक जानेवारी देऊन टाकली आणि दोघींचं वय विचारलं तर दोघींनी एकच सांगितलं. नवऱ्याचं नाव लिहायचा त्याला कंटाळा आला असेल. मग काय, वरच्या कम्प्युटरच्या लेखी दोघी मिळून एकच बाई.

"मंग खोड ना हे," बुधरी म्हणाली.

"माह्यानं नाई होत. अन् रिपोर्ट ठेवणाऱ्याच्यानं बी नाई होत. ते फक्त लिहून ठेवतात. आपण तक्रार टाकायची, ते कर्ज देणाऱ्या कंपनीले विचारतात, का बाबा हे खरं आहे काय? कंपनीनं आपले कागद पाहाचे अन् महिन्याभरात सांगायचं. ते हो म्हणली का चूक झाली, तवाच खोडतात."

"म्हणजे ज्यानं घोळ केला, त्यालेच विचारणार का घोळ झाला काय?"

"हव."

आता बोला! पण बुधरीला त्यात एक बरं वाटलं. तिला एवढंच सांगायचं होतं की हे माझं नाही. कोणाचं आहे, ते कुणी विचारणार नाही असा तिचा समज. तक्रार गेली.

कोसमटोल्यात फोनला रेंज मिळते ती तळ्याच्या पाळीवर, तीही एका मोहाच्या झाडाखाली. दुपारी पानं घेऊन येताना बुधरी तिथं टेकली होती आणि नेमका फोन वाजला. पलीकडे एक गोड आवाजाची पोरगी, हिंदीत बोलणारी. कंपनीकडून बोलतेय म्हणाली, तुमच्या तक्रारीची चौकशी करायची आहे, त्याआधी तुमचं पूर्ण नाव सांगा.

"तुमच्यापाशी लिवलं आहे ना," बुधरी म्हणाली.

"जी, आपको बोलना पड़ेगा. रिकॉर्डिंग चल रही है."

"तुम्ही बोला. मी हो म्हणतो."

"नहीं मैडम, आपको ही बोलना है."

इथंच तर घोडं अडलं. बुधरीनं आजूबाजूला पाहिलं. पाळीवर चिटपाखरू नव्हतं. घेतलं असतं नाव तर कुणाला कळणार होतं? भुजली तर अजून घरी, धान कांडत बसलेली. पण कान आपलेच असतात ना. बुधरीनं ओठ आवळून धरले. पोरीनं पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं, मग "धन्यवाद" म्हणून फोन ठेवून दिला. महिना भरला तसं उत्तर आलं, की ग्राहकाने ओळख पटवून दिली नाही, सबब नोंद आहे तशीच राहील.

स्वातीला सगळं कळलं तेव्हा आधी ती चिडली, मग हसत सुटली, मग पुन्हा चिडली. "बाई, नाव घेतल्यानं काय जीभ झडते काय तुमची?"

"झडत नाई वो. पण तिले काय वाटन?"

स्वातीनं लॅपटॉप पुन्हा उघडला. तिनं दुसरी तक्रार टाकली. या खेपेला मतदार कार्ड जोडलं, रेशन कार्ड जोडलं, आधारचा नंबर जोडला आणि माणूस पाठवून खात्री करा असं लिहिलं. तोवर मिरचीला नेणारी जीप आली. "एवढ्या साली जाऊन येतो," भुजली जीपमधून म्हणाली, "तुही मशीन आली का मंग कायले जातो मी?" बुधरीनं तिच्या पिशवीत खोबरेल तेलाची बाटली कोंबली. "रोज राती हाताले लाव. आळस नोको करू." जीप वळणावर दिसेनाशी झाली तरी ती रस्त्यातच उभी होती.

माणूस आला तो माघात. धनराज नाव, ब्रह्मपुरीचा, मोटारसायकलवर धुळीने माखलेला. गडी भला होता. पाणी प्याला, ओसरीवर टेकला, कोलूशी धानाचं बोलला आणि मग मोबाइल काढला. "बाई, कर्ज देताना कंपनी फोटो काढते. तुमचा चेहरा अन् हा फोटो, एवढंच मले पाहाचं आहे. पहा, हे तुम्ही काय?"

बुधरीनं पाहिलं. भुजलीच ती. काही वर्षांपूर्वीची, गालांवर अजून मांस असलेली, हनुवटीवर तीन ठिपके. डोळे रडून सुजलेले. लच्छूला दवाखान्यात टाकून आलेली असणार त्या दिवशी.

"नाई म्हणत असान तं नाई म्हणा," धनराज समजावणीच्या सुरात म्हणाला. "मी तसं लिहितो. तुमच्या नावावरचं उतरते."

"उतरून कुठी जाते?"

"जिचं आहे तिच्या नावावर चढते. हे कोण आहे, ते मंग कंपनी हुडकते."

"हुडकून काय करते?"

धनराजनं मान खाजवली. खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "वसुलीचे माणसं येतात, बाई. ते काम माहं नाई. पण येतात."

बुधरीच्या डोळ्यांपुढे ते आलं. भुजली शिमग्याला जीपमधून उतरतेय, हातांची आग आग होतेय, आणि दारात मोटारसायकली उभ्या. शेजारपाजारचे बघताहेत. लच्छू काठी धरून उठायला धडपडतोय. आणि हे सगळं कुणी केलं, तर तिच्याच भुजलीनं, म्हणजे आपणच.

"मीच आहे ते," ती म्हणाली.

धनराजनं फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. ठिपके तेच होते. नाक तेच नव्हतं. "बाई, एकदा का मी लिहिलं…"

"लिवा."

"मंग मोबाइलसमोर नाव सांगा अन् म्हणा का हा फोटो माहा आहे."

बुधरीनं गाठ सोडून कार्ड पुढे केलं. दिवसाउजेडी एवढं मोठं खोटं बोलून बसली होती ती, पण नाव काही घेतलं नाही. धनराजनं सुस्कारा टाकला, फोटो ग्राहकाने मान्य केला असं लिहिलं आणि जाताना आपला नंबर कोलूजवळ दिला. "कधी काही सांगावं वाटलं तं लावजा, भाऊ. तक्रार पुन्हा टाकता येते."

तो गेल्यावर कोलूनं नंबराचा कागद वळचणीला खोचला. मग म्हणाला, "मशीन गेली."

"हव."

"जिच्यासाठी मशीन पाहिजे होती, तिच्यासाठीच गेली."

बुधरी चुलीपुढे बसली आणि फुंकणीने विझलेल्या निखाऱ्यांवर फुंकत राहिली. तिला वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं. पण पुन्हा विचारलं असतं तर तिनं पुन्हा तेच सांगितलं असतं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी जीप आली. भुजली मिरचीचं पोतं घेऊन उतरली, आणि हात तसेच. तेलाची बाटली रिकामी करून आणली होती, तरी हात तसेच. बुधरी ताट घेऊन तिच्या ओसरीवर गेली. पहिला घास भरवला. भुजलीनं विचारलं, "मशीन आली काय वो?"

"नाई आली. पुढच्या साली पाहू."

कोलू लच्छूपाशी बसला होता. आयुष्यात बायकोच्या बोलण्यात तोंड न घालणारा माणूस तो, पण त्या दिवशी त्याला राहवलं नाही. "पुढच्या साली बी नाई येत. तुहं कर्ज तिच्या नावावर चढलं आहे. माणूस आला होता तपासाले. तं ही म्हणते, मीच आहे."

लच्छूनं मान खाली घातली. भुजलीला आधी उमगलंच नाही, मग उमगलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तोंड उघड," बुधरी दुसरा घास धरून म्हणाली.

"नाई उघडत."

"काऊन?"

"माहा गुन्हा तू आपल्या डोक्स्यावर घेतला, आन् मी तुह्या हातचं खाऊ? उचल ते ताट!" आणि भुजली रडायला लागली. जळत्या हातांनी डोळे पुसायला गेली, तर डोळेही जळाले. बुधरीनं आपल्या पदरानं ते पुसले. भुजली उपाशी झोपली त्या दिवशी, आणि ती झोपली म्हणून बुधरी पण.

शिमगा आटोपला तसं भुजलीनं मिरचीचं पोतं कुरखेड्याच्या बाजारात विकलं, कोलूकडून धनराजचा नंबर घेतला आणि तळ्याच्या पाळीवर जाऊन फोन लावला. धनराज म्हणाला, दोघी मिळून या, कार्डं घेऊन या, वडशाच्या शाखेत मी स्वतः थांबतो. बुधरी यायला तयार नव्हती. भुजलीनं तिला हाताला धरून जीपमध्ये बसवलं.

वडशाला भिंतींवर हिवाळ्यातल्या नाटकांची पोस्टरं अजून लोंबत होती. शाखेत एक तरुण साहेब बसला होता. त्यानं कागद पाहून विचारलं, "बुधरी नैताम कोण?"

दोघींनी एकदमच कार्ड पुढे केलं.

साहेबानं एक वाचलं, दुसरं वाचलं. नाव तेच, तारीख तीच, गाव तेच. वर पाहिलं, तर ठिपकेही तेच. त्यानं चष्मा काढून पुसला. नंबर मात्र दोन होते, आणि फोटोतल्या बाईचं नाक त्यातल्या एकीचंच होतं. "धनराजभाऊ, तुम्ही तर फोटो जुळला लिहिलं होतं!"

"बाईंनी मान्य केला होता, साहेब. म्हणूनच दोघींले बोलावलं."

"बरं. पण आता नुसत्या कार्डावर नाही भागणार. एकदा उलटं सांगितलंय. ज्यांचं कर्ज आहे त्यांनी आपल्या तोंडानं नाव सांगायचं, आणि कर्ज कोणाचं तेही सांगायचं. मी रेकॉर्ड करून वर पाठवतो, तेव्हाच दोन खाती वेगळी होतील."

त्यानं मोबाइल समोर धरला. दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. धनराज पुढे झाला, "साहेब, यांच्यात असा एक रिवाज…"

"थांबा भाऊ," भुजली म्हणाली. ती उठून उभी राहिली. सालं निघालेला हात तिनं बुधरीच्या हातावर ठेवला आणि मोबाइलकडे न पाहता बुधरीकडेच पाहत म्हणाली, "माहं नाव बुधरी. बुधरी लच्छू नैताम. हे कर्ज म्या उचललं. हिचा काही संबंध नाई. हे माही भुजली आहे, मले वाचवाले खोटं बोलली."

बुधरीनं कानांवर हात न्यायला पाहिजे होते, पण हात भुजलीच्या हाताखाली होता. लहानपणानंतर पहिल्यांदाच तिनं ते नाव या आवाजात ऐकलं होतं. तिला राग आला नाही. बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

पोत्याच्या पैशातून राहिलेले हप्ते तिथंच भरले. बाहेर आल्यावर भुजली समोरच्या दुकानात शिरली आणि एक नारळ घेऊन आली. रस्त्यातच वाकून तिनं तो बुधरीच्या ओटीत घातला. "चुकली मी, भुजली. माफ कर."

"लय मोठा घेतला वो."

"गुन्हा बी मोठाच केला ना."

बसस्टँडवरच्या दगडावर नारळ फोडला आणि खोबरं खात दोघी घरी आल्या. धनराजनं पुन्हा लिहून दिलं, की बाया दोन आहेत, दोघींना समोरासमोर पाहिलं. कंपनीनं या खेपेला दोन्ही कार्डांचे नंबर वर कळवले, आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू व्हायच्या सुमारास स्वातीच्या फोनवर निरोप आला, की नोंद दुरुस्त झाली. उशिरा भरल्याचा डाग आता भुजलीच्या नावावर राहिला. "राहू दे," ती म्हणाली, "माहाच आहे."

बँकेत कर्जावर सही करायच्या दिवशी दोघी बरोबर गेल्या. स्वातीही होती. मॅनेजरनं कागद पुढे ओढले आणि मान वर न करता विचारलं, "नाव?"

स्वाती घाईघाईनं पुढे झाली. "सर, त्या नाव नाई घेत, कार्ड…"

"कार्ड आहे तिच्यापाशी," भुजलीही म्हणाली.

पण बुधरीनं पदराची गाठ सोडलीच नाही. तिनं भुजलीकडे पाहिलं आणि बँकेत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बुधरी. बुधरी कोलू नैताम."

भुजली आ वासून बघत राहिली. बुधरीनं मांडीवरची पिशवी उघडली, सकाळी घरूनच बरोबर घेतलेला नारळ काढला आणि तिच्या ओटीत घातला.